गिऱ्हाईक हललं तरी

४ तारीख, मंगळवार

मुलगी म्हणाली, "बाबा, जे झालं ते आजच लिहून काढा. उद्या तुम्हाला वेगळंच आठवेल." तिचं खरं आहे. म्हणून ही कोरी वही घेतली. मला लिहायची सवय नाही. चौथीनंतर शाळा सुटली आणि पाटीच्या जागी हातात वस्तरा आला, तो आजतागायत सुटला नाही.

झालं ते असं. दर मंगळवारी मी गाडी घेऊन दोन घरी दाढी करायला जातो. एक बेकरीवाले, त्यांना आता दिसत नाही. दुसरे हेडमास्तर. ते अंथरुणाला खिळलेत, वाचाही गेली आहे. दुकान विकलं तेव्हा बाकीची गिऱ्हाइकं पांगली, ही दोन राहिली. आज बेकरीवाल्यांचं आटोपून हेडमास्तरांकडे निघालो होतो. दवाखान्याच्या चढावर सिग्नल लागला. थांबलो, हँडब्रेक ओढला. शेजारच्या सीटवरून माझी हत्यारांची पिशवी घसरली, ती उचलायला वाकलो आणि मागून दणका बसला. मान आधी मागे गेली, मग पुढे. चष्मा पायाशी.

खाली उतरलो. मागे मोठी पांढरी गाडी. तिच्यातून एक बाई उतरली, माझ्या मुलीपेक्षाही लहान. हाताने कपाळावरचा घाम पुसत होती. मी तिला म्हटलं, "माझं चुकलं, ताई. तुम्हाला कुठे लागलं नाही ना?" आणि पिशवीतला धुतलेला टॉवेल दिला.

हे ऐकून मुलीने कपाळावर हात मारला. "तुमचं काय चुकलं? तुम्ही तर उभे होतात."

हेडमास्तरांची दाढी राहिली. मानेत चमक आहे, तेल लावून पडतो.

५ तारीख, बुधवार

मुलगी अजून तेच धरून बसली आहे. कामावर जाताना चप्पल घालतानाही म्हणाली, "चूक नसताना चुकलं म्हणणारा माणूस मी पहिल्यांदा बघितला." तिला सांगायला हवं होतं, पण बस चुकेल म्हणून गेली. इथे लिहितो.

मी वस्तादांच्या दुकानात लागलो तेव्हा माझे पाय खुर्चीच्या दांडीलाही पुरत नव्हते. पहिली दोन वर्षं नुसता फेस काढायचा आणि केस झाडायचे. मग एकदा वस्तादांनी वस्तरा हातात दिला. गिऱ्हाईक होते कोळशाच्या वखारीचे मालक. मी हनुवटीपाशी आलो आणि ते शिंकले. रक्ताची बारीक रेघ आली. मी म्हणालो, "तुम्ही हललात." वस्तादांनी मला बाजूला केलं, स्वतः तुरटी लावली आणि म्हणाले, "शेठ, आमचं चुकलं."

संध्याकाळी दुकान बंद करताना मला समोर बसवलं. म्हणाले, "गिऱ्हाईक हललं तरी आपणच चुकलं म्हणायचं. तू त्याला दोष दिलास की तो अंग आखडून बसतो. आणि तुझा दुसरा गाल अजून व्हायचा असतो."

तेव्हापासून तोंडाला तेच. कुणी शिंकलं, कुणी ओळखीचं दिसलं म्हणून मान वळवली, तरी माझं चुकलं. घरीसुद्धा. माझी बायको हसायची. दूध उतू गेलं की ती चुलीपुढे उभी आणि मी बाहेरच्या खोलीतून म्हणायचो, माझं चुकलं. ती म्हणायची, "तुम्ही पेपर वाचत होता, तुमचं काय चुकलं, बातमी?"

उजव्या हाताला मुंग्या येतात. कुशीवर झोपलो असेन.

७ तारीख, शुक्रवार

आज गॅरेजवाल्याकडे गेलो. गाडीची मागची बाजू चेपून आत गेली आहे, दार लागत नाही. तो म्हणाला, "होईल, पण खर्च गाडीच्या किमतीला भिडेल. विमा कुणाचा?"

मुलीने मला समजावून सांगितलं, मीही समजून घेतलं. आपली गाडी जुनी, म्हणून आपण विमा फक्त दुसऱ्याच्या नुकसानीचा काढलेला. आपल्या गाडीचा खर्च त्या बाईंच्या विमा कंपनीने द्यायचा, पण चूक त्या बाईंची ठरली तरच. माझी ठरली तर गाडी भंगारात. आणि मुलगी म्हणते, "मग नवी गाडी नाही हं बाबा. तुमचं वयही झालं." हे दुसरं वाक्य ती अगदी हळू बोलली, पण मला बरोबर ऐकू येतं.

गाडी नसली तर बेकरीवाले आणि हेडमास्तर दोघेही गेले. हेडमास्तरांचं घर टेकडीपलीकडे, बेकरीवाल्यांचं गावाबाहेर, तिकडे बस जात नाही. मग मी कोण? घरात बसून खिडकीतून बघणारा म्हातारा.

गॅरेजमध्ये गाडीत जरा बसलो. शेजारच्या सीटखालची पायपुसणी बघितली. माझ्या बाजूची धड आहे, बायकोच्या बाजूचीला एका जागी झिजून भोक पडलंय. गाडी घेतली तेव्हा मी पन्नाशीला आलो होतो, उशिरा शिकलेला. ती शेजारी बसून सगळा रस्ता माझ्यासाठी ब्रेक दाबायची. समोर बैलगाडी असो की म्हातारी, तिचा उजवा पाय खाली. मी म्हणायचो, "अगं, तिथे ब्रेक नाही." ती म्हणायची, "म्हणूनच जोरात दाबते."

११ तारीख, मंगळवार

पहिला मंगळवार चुकला. बेकरीवाल्यांचा फोन आला. "काय रे, मेलास की काय?"

म्हटलं, "अजून नाही. गाडी आजारी आहे."

"मग मी दाढी कुणाकडून करून घेऊ? आमचा नातू मशीन फिरवतो. तोंडावरून मोटारसायकल गेल्यासारखं वाटतं."

"पुढच्या मंगळवारी येतो."

"ये. नाहीतर इथल्या लोकांना वाटेल मी साधू झालो." फोन ठेवताना म्हणाले, "आज कुणी आलंच नाही रे घरी."

हेडमास्तरांना फोन करून उपयोग नाही, ते बोलू शकत नाहीत. त्यांच्या सुनेला सांगितलं. ती म्हणाली, "सकाळपासून दाराकडे बघतायत, काका."

१२ तारीख, बुधवार

विशेष काही नाही. पेन नीट चालत नाही. अक्षर वाकडं येतंय.

१४ तारीख, शुक्रवार

बाईंच्या कंपनीचं पत्र आलं. मुलीने वाचून दाखवलं. त्यांचं म्हणणं, माझी गाडी चढावरून मागे घरंगळली आणि त्यांच्या गाडीला लागली. वर असंही, की मी जागेवरच चूक कबूल केली. सिग्नलजवळ पेपर विकतो त्या माणसाने ऐकलं म्हणे.

त्याचं खोटं नाही. मी म्हणालोच होतो.

मुलगी तावातावाने म्हणाली, "साधी गोष्ट आहे. सांगायचं, मी उभा होतो."

"सांगतो ना."

"आणि कुणालाही माझं चुकलं म्हणायचं नाही. केस मिटेपर्यंत हा शब्द घरात बंद."

जेवताना तिच्या हातून आमटी सांडली आणि माझ्या तोंडून निघून गेलं. ती इतकी हसली की ठसका लागला. किती दिवसांनी अशी हसली. लहानपणी दुकानात यायची तेव्हा फिरत्या खुर्चीवर बसून अशीच हसायची. वस्ताद तेव्हा म्हातारे झाले होते, तिला गरगर फिरवायचे आणि आरशासमोर थांबवून विचारायचे, "बाईसाहेब, कसे कापू?"

शर्टाचं वरचं बटण हल्ली लागत नाही. धोबी काजं आवळून टाकतो की काय.

१८ तारीख, मंगळवार

आज कंपनीचा माणूस घरी आला, जबाब घ्यायला. तरुण आहे, बोलायला बरा. मी भीत होतो, पण तो बसला आणि माझं लक्ष त्याच्या दाढीकडेच. डाव्या बाजूची रेघ उजवीपेक्षा बोटभर खाली.

"काका, धडक बसल्यावर तुम्ही नेमकं काय म्हणालात?"

"माझं चुकलं, म्हणालो."

"म्हणजे चूक तुमची होती?"

"नाही."

"मग तसं का म्हणालात?"

"सवय."

त्याने पेन खाली ठेवलं. "काका, मी साहेबांना काय लिहून देऊ? सवय?"

मग मी त्याला वस्तादांचं सांगितलं, वखारवाल्यांची शिंक सांगितली. त्याने शेवटपर्यंत ऐकलं. ऐकताना दाढीवरून हात फिरवत होता. मला राहवलं नाही.

"कोण करतं तुमची?"

"मीच. घरी."

"तरीच. बसा खुर्चीत, आत्ता सारखी करून देतो."

"नको काका. याला आमच्याकडे लाच म्हणतात."

आतून मुलगी हसलेली मला ऐकू आली.

मग त्याने विचारलं, "तुम्हाला काही इजा झाली का? मान, पाठ, हात?" नेमकं तेव्हाच मी कप उचलत होतो आणि तो बोटांतून निसटला. हल्ली कपांचे कान फार बारीक करतात. मी म्हटलं, "छे, काही नाही. ठणठणीत आहे."

इथे खरं लिहितो. अंगठा आणि शेजारची दोन बोटं जरा बधिर वाटतात. पण हे त्याला कसं सांगू? हात अधू म्हटलं की लगेच म्हणतील, मग म्हाताऱ्याने हँडब्रेकही नीट ओढला नसेल. हातावर बोट ठेवायला मी त्यांना जागा देणार नाही.

बेकरीवाल्यांना आजही नाही म्हणून कळवलं. "बरं," म्हणून त्यांनी फोन ठेवला. त्याचंच जास्त लागलं.

२० तारीख, गुरुवार

मुलीला सुट्टी होती. तिला घेऊन दवाखान्याच्या चढावर गेलो. पेपरवाल्याच्या बाजूला उभं राहून सिग्नलला थांबणाऱ्या गाड्या बघत राहिलो. प्रत्येक गाडी सुटताना जराशी मागे येते आणि मग वर जाते. एक आली, दुसरी आली.

मुलीला म्हटलं, "बहुतेक मी ब्रेक ओढला होता."

"बाबा, पहिल्या दिवशी बहुतेक नव्हतं."

"नव्हतं. पण आता बघतोय तर सगळ्याच येतात मागे."

"त्या सुटताना येतात. तुम्ही उभे होतात. सिग्नल लाल होता."

"लाल होता ना?"

मग तिने माझा दंड धरला आणि रस्ता ओलांडून नेलं, मी तिला शाळेत न्यायचो तसं. वाटेत म्हणाली, "गाडी मिळाली नाही तरी चालेल हो बाबा." तिला धीर द्यायचा होता. मला मात्र वाटलं, हिलाही वाटतंय गाडी मागे आली.

घरी येऊन अंथरुणावर पडल्यापडल्या हवेत ब्रेक ओढून बघितला. हाताला आठवतं का बघावं म्हणून. या हाताने हेडमास्तरांची पहिली दाढी केली होती, ते नुकतेच नोकरीला लागले होते तेव्हा. दाढी करून घेताना ते मला भिंतीवरच्या जाहिराती मोठ्याने वाचायला लावायचे. तोंडाला फेस, बोलता यायचं नाही. मी शब्द चुकलो की खुर्चीच्या हातावर टिचकी मारायचे. आज जे काही लिहितो वाचतो ते त्या टिचक्यांचं. आणि तोच माणूस तिकडे दाढी वाढवून पडला आहे.

हात काहीच बोलला नाही.

२५ तारीख, मंगळवार

कंपनीने दोघांना समोरासमोर बोलावलं होतं. एक लांबट खोली, मधे टेबल, खिडकीला पट्ट्यांचे पडदे. त्या बाई भावाला घेऊन आल्या होत्या. बाई गप्प, भाऊच बोलत होता. "आजोबांचं वय बघा. चढावर गाडी धरायला हाताला ताकद लागते. आणि त्यांनी स्वतःच कबूल केलंय."

मी उत्तर जुळवत होतो. समोर पाण्याचा ग्लास होता, उजव्या हाताने उचलायला गेलो, तो टेबलावरच कलला. मग डाव्याने घेतला. त्या बाई माझ्याकडे बघत होत्या. तोंडाकडे नाही, हाताकडे. त्या म्हणे दवाखान्यात आहेत, पेशंटकडून व्यायाम करून घेतात.

कंपनीच्या साहेबांनी मला एका कागदावर नाव लिहायला सांगितलं. पेन त्यांचंच होतं, तेही माझ्या पेनासारखंच निघालं. मी अंगठ्याखाली धरून कसंबसं लिहिलं. अजून त्या बघतच होत्या.

भाऊ पुन्हा सुरू झाला, तशा त्या म्हणाल्या, "दादा, तू गप्प बस."

मग साहेबांना म्हणाल्या, "यांची गाडी हलली नव्हती. मी फोनकडे बघत होते. मान वर केली तेव्हा उशीर झाला होता." आणि रडायलाच लागल्या. मी पिशवीत टॉवेल शोधला, आज आणला नव्हता.

चांगल्या घरची मुलगी. इतके दिवस भावाच्या धाकात असेल, आज मन खाऊ लागलं असेल. आईबापांनी चांगलं शिकवलं की ते कधी ना कधी वर येतं.

जिन्यात त्या माझ्यामागे आल्या. "काका, हात कधीपासून असा आहे?"

"म्हातारा झाल्यापासून."

"मला खरं सांगा. त्या दिवसानंतर ना?"

मी भराभर उतरलो. कंपनीचा दाढीवाला वर कठड्याशी उभा होता, त्याच्या कानावर गेलं असतं तर एवढं केलेलं पाण्यात. खालून हात जोडले आणि म्हटलं, "तुमचे उपकार झाले, ताई." त्या तिथेच उभ्या राहिल्या.

ब्रेक ओढला होता. मी ओढला होता.

३१ तारीख, सोमवार

कंपनीचा माणूस कागद घेऊन आला. गाडीचा सगळा खर्च ते देणार. मुलगी कामावर होती. त्याने वाचून दाखवलं, की मला कसलीही शारीरिक इजा नाही आणि यापुढे माझी काही मागणी नाही.

तो म्हणाला, "काका, हे एकदा सही केलं की मागे फिरता येत नाही. नक्की ना? मुलीशी बोलून उद्या केलंत तरी चालेल."

मी म्हटलं, "गाडी लवकर मिळेल तेवढं बघा."

सही दोनदा करावी लागली, पहिली जुळली नाही. त्याने दुसरी बघितली आणि फाईल बंद केली. दाढी या वेळी दोन्हीकडे सारखी होती. कुठेतरी नीट करून घेतलेली दिसते.

७ तारीख, सोमवार

गाडी आली. मागून नवी दिसते. गॅरेजवाल्याने कौतुकाने सांगितलं, "काका, आतूनही साफ केली. पायपुसण्या फाटक्या होत्या, नव्या घातल्या. त्याचे पैसे नाही लावले."

मी शेजारच्या सीटखाली बघितलं. काळी कुळकुळीत, एक रेघ नाही.

"जुनी?" मी विचारलं.

"फेकली की."

मी त्याचे आभार मानले. घरापर्यंत सावकाश आलो. बाजूची सीट इतकी रिकामी कधी वाटली नव्हती.

उद्या मंगळवार. वस्तऱ्याला धार लावली, ब्रश उन्हात ठेवला, टॉवेल धुतले. बेकरीवाल्यांना फोन केला तर म्हणाले, "आधी त्या मास्तराकडे जा. मला दिसत नाही, माझी वाढलेली मला त्रास देत नाही."

९ तारीख, बुधवार

हे मी सांगतो आहे आणि मुलगी लिहिते आहे. काल मला पेन धरता आलं नाही.

काल हेडमास्तरांकडे गेलो. मला बघून त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. दाढी छातीपर्यंत नाही, पण आश्रमात शोभेल एवढी झाली होती. सुनेने गरम पाणी दिलं. आधी कात्रीने कमी केली, तेव्हाच बोटं साथ देत नव्हती, पण रेटलं. मग फेस लावला. त्यांनी डोळे मिटले आणि नेहमीसारखा गाल पुढे केला. डावा गाल झाला, बरा झाला. दुसऱ्या बाजूला गेलो, वस्तरा कानाशी टेकवला आणि मला कळेना की तो माझ्या हातात आहे की नाही. दिसत होता, पण बोटांना लागत नव्हता. कानाखाली कुठली शीर असते ते मला माहीत आहे. पाती मिटून खिशात टाकली.

हेडमास्तर गाल पुढे करून वाट बघत होते. मी गरम टॉवेलने फेस पुसला. म्हटलं, "मास्तर, आज एवढंच." त्यांनी डोळे उघडले. काय समजले कुणास ठाऊक. चांगला हात उचलून माझ्या मनगटावर ठेवला आणि तसाच ठेवून राहिले.

परत येताना गाडी चालवायचा धीर झाला नाही. त्यांच्या दारात बसून मुलीला फोन केला. ती आली, विचारलं, "काय झालं?" म्हटलं, "मला लागलंय गं. त्या दिवशीच लागलंय." ती इथे लिहायची थांबली आहे. थांब हवी तेवढी. मग पुढे लिही.

आज डॉक्टरकडे नेलं. मानेतली नस दबली आहे. ते म्हणाले, पहिल्याच आठवड्यात यायला हवं होतं, आता बघू, व्यायामाने थोडं परत येईल, सगळं येईलच असं नाही. मुलीने विचारलं, "बाबा, मला का नाही सांगितलंत?" मी म्हटलं, सांगितलं असतं तर गाडी गेली असती. ती म्हणाली, "गाडी माझ्या डोक्यात नव्हतीच. त्या दिवशी तुम्ही वाचलात एवढंच होतं." हे ती लिहायला नको म्हणते, मी लिही म्हणतो.

कंपनीला फोन करू म्हणते. कर. तो माणूस सज्जन आहे, पण त्याच्याही हातात काही असेल असं वाटत नाही. त्या बाईंकडे व्यायामाला जाऊ, त्या ओळखीच्या आहेत. मुलीने भुवया वर केल्या. असू दे. त्यांनी हात नीट बघितला होता, इतर कुणाहीपेक्षा आधी.

हे सगळं नंतर. आधी उद्या सकाळी हेडमास्तरांकडे जायचं. मुलगी रजा टाकणार, गाडी तीच चालवणार. येताना बेकरीवाल्यांकडेही थांबायचं. ती म्हणते, "अहो, पण दाढी कोण करणार?" म्हटलं, तू. ती म्हणते, "मी जन्मात कुणाची दाढी केलेली नाही. कापलं म्हणजे?"

वस्तरा देणार नाही, साधं रेझर देईन. आणि मी बाजूला आहेच. माणसाला एका गालावर सोडून येत नाहीत. कातडी ताणून धरायला डावा हात पुरतो.